टाचणीच्या टोकामागची यंत्रं

टाचणी टोकामुळे टोचते, हे सांगायला विज्ञानाची गरज नाही. पण ते टोक खरोखर असतं कसं? लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवण्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या रॉबर्ट हूक यांनी 1665 साली सूक्ष्मदर्शकातल्या निरीक्षणांचं ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक छापलं. त्यातलं पहिलंच निरीक्षण एका बारीक सुईच्या टोकाचं आहे. नुसत्या डोळ्यांना अणकुचीदार दिसणारं ते टोक भिंगाखाली बोथट आणि ओबडधोबड निघालं. टोकाच्या जागी जणू कापलेला बुंधा होता, आणि त्यावर खाचखळगे. तरीही ती सुई कापडातून सहज आरपार जात होती.

म्हणजे टाचणीचं सगळं श्रेय टोकाला देऊन भागत नाही. टोक काम सुरू करून देतं. पुढचं काम त्यामागचा उतार, सरळ अंग, माथा आणि तारेचा ताठपणा यांनी मिळून व्हायचं असतं. हे सगळे भाग म्हणजे शाळेत शिकलेली साधी यंत्रंच आहेत, फक्त इतकी लहान की त्यांना यंत्र म्हणावं असं कुणाच्या मनात येत नाही.

सुरुवात ड्रॉइंग पिनपासून करू, कारण तिचा हिशेब सोपा आहे. तिचा चपटा माथा 10 मिलिमीटर व्यासाचा आहे आणि टोकाचा व्यास 0.1 मिलिमीटर आहे असं धरू. अंगठ्याने आपण साधारण एक किलो वजनाइतका, म्हणजे 10 न्यूटन जोर लावतो. माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे 78 चौरस मिलिमीटर, त्यामुळे अंगठ्याला जाणवणारा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सव्वापटीच्या आसपास राहतो. तोच 10 न्यूटन जोर टोकाशी 0.008 चौरस मिलिमीटरहून कमी जागेत एकवटतो. व्यास शंभरपट लहान, म्हणून क्षेत्रफळ दहा हजारपट लहान आणि दाब दहा हजारपट मोठा. हवेच्या दाबाशी तुलना केली तर साडेबारा हजार पट! लाकडाचा पृष्ठभाग एवढा दाब सोसू शकत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. माथ्यामुळे जोर वाढलेला नाही. अंगठ्याने जेवढा दिला तेवढाच टोकाशी पोचला, फक्त लहान जागेत पोचला. आणि टाचणी बोटाला तेवढ्याच जोराने उलट ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम टाचणीलाही सोडत नाही. म्हणून माथा हा खरं तर बोटाचा बचाव आहे. माथा निखळलेली टाचणी दाबून पाहिली तर ती दोन्हीकडून सारखीच बेपर्वा असल्याचं कळतं.

टोक झिजलं की पिन ‘चालत नाही’, त्यामागेही हेच गणित आहे. टोकाचा व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं आणि दाब पाव उरतो. झीज डोळ्यांना दिसतही नाही, पण अंगठ्याला लगेच कळते.

आता टोक आत शिरलं. त्याबरोबर दाबाची गोष्ट जवळपास संपते, कारण टोकामागे जाड अंग येतं. पिनची काडी 1 मिलिमीटर जाडीची असेल तर तिचं क्षेत्रफळ टोकाच्या शंभरपट आहे. फक्त दाबाच्या भरवशावर राहिलं तर पिन टोकाइतकीच आत जाऊन थांबेल. ती थांबत नाही, कारण टोक आणि काडी यांच्यामध्ये एक उतार आहे. इथून साधी यंत्रं सुरू होतात.

साध्या यंत्रांची यादी फार जुनी आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने जड वस्तू हलवण्याची पाच साधनं सांगितली: चाक व आस, तरफ, कप्पी, पाचर आणि स्क्रू. उतरण या यादीत पुष्कळ नंतर, युरोपातल्या प्रबोधनकाळात आली. पुढे सुमारे 1600 साली गॅलिलिओने या यंत्रांबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. यंत्राला निसर्गाची फसवणूक करता येत नाही. यंत्र कमी जोरात काम करून देतं, पण त्या बदल्यात तो जोर जास्त अंतरभर लावून घेतं. जोर आणि अंतर यांचा गुणाकार तोच राहतो. उलट घर्षणामुळे पदरचं थोडं जातंच.

पाचर म्हणजे चालती उतरण. उतरणीवर ओझं सरकतं आणि उतरण जागच्या जागी असते. पाचरीत ओझं जागेवर राहतं आणि उतरण त्याच्याखाली घुसते. टाचणीचं निमुळतं टोक ही अशीच पाचर आहे, फक्त चारही बाजूंनी उतरती, म्हणजे शंकूच्या आकाराची. निमुळता भाग 3 मिलिमीटर लांब आणि काडी 0.6 मिलिमीटर जाड असेल, तर टाचणी 3 मिलिमीटर पुढे सरकेपर्यंत समोरचे धागे एकमेकांपासून फक्त 0.6 मिलिमीटर दूर होतात. पाच भाग पुढे जाण्याच्या मोबदल्यात एक भाग फाकणं. घर्षण नसतं तर बाजूला ढकलणारा जोर ढोबळमानाने पाचपट मिळाला असता. टोक जितकं लांबट, तितका हा फायदा मोठा. पण लांबट टोक नाजूक असतं, ते वाकतं आणि तुटतंही. टाचणी बनवणाऱ्याला या दोघांमध्ये कुठेतरी थांबावं लागतं.

पाचर समोरच्या पदार्थाचं काय करते हे त्या पदार्थावर अवलंबून असतं, आणि मला हा सगळ्यात मजेदार भाग वाटतो. विणलेल्या कापडात टाचणी धागा तोडत नाही, उभ्या-आडव्या धाग्यांमध्ये वाट काढते. टाचणी काढून कापड थोडं ओढलं, चोळलं की धागे परत जागेवर येतात आणि भोक दिसेनासं होतं. कागदाला असं विणकाम नाही. त्याचे तंतू दाबून एकमेकांत अडकवलेले असतात. ते एकदा फाटले की फाटले, भोक कायमचं राहतं. ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडासाठी तर मुद्दाम गोलसर टोकाच्या टाचण्या मिळतात. त्या धाग्याला भोसकण्याऐवजी घसरून त्याच्या शेजारून जातात. तीक्ष्ण टोक नेमकं धाग्यावर पडलं तर धागा तुटतो आणि तिथून वीण उसवत जाते.

बुचाच्या फळ्यावर पिना वर्षानुवर्षं टोचल्या तरी तो फळा चाळणीसारखा दिसत नाही. याचं कारणही हूक यांच्या त्याच पुस्तकात सापडतं. त्यांनी बुचाचा पातळ काप भिंगाखाली ठेवला तेव्हा त्यांना असंख्य बारीक पोकळ्या दिसल्या. त्यांना त्यांनी ‘सेल’ म्हटलं, आणि जीवशास्त्राला हा शब्द तिथूनच मिळाला. या बंद पोकळ्यांमध्ये हवा भरलेली असते. पिन आत शिरते तेव्हा पोकळ्यांच्या भिंती चुरगळतात आणि दबतात. पिन निघाली की त्या पुन्हा फुगून भोक बुजवतात. पिन आत असताना याच दबलेल्या पोकळ्या तिला चहूबाजूंनी आवळून धरतात.

लाकडाचा स्वभाव वेगळा. त्याचे तंतू एका दिशेने लांब धावतात. पाचर त्यांच्यामध्ये घुसली की तंतू एकमेकांपासून अलग होतात आणि फट पुढे पळते. म्हणून पातळ पट्टीच्या कडेजवळ खिळा मारताना जाणता सुतार आधी खिळ्याचं टोक हातोडीने ठोकून बोथट करतो. ऐकायला उलटं वाटतं, पण बोथट टोक तंतूंना फाकवत नाही. ते त्यांना चिरडत, तोडत वाट करतं, आणि पट्टी चिरत नाही. पाचर चांगली असणं नेहमीच सोयीचं नसतं, याचा याहून सोपा पुरावा नाही.

आत जाणं हे टाचणीचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे आत राहणं. या दोन कामांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. आत जाताना घर्षण जितकं कमी तितकं बरं, म्हणून टाचणीवर निकेलचा गुळगुळीत मुलामा देतात. पण आत गेल्यावर तिला धरून ठेवणारं घर्षणाशिवाय दुसरं काहीच नाही. निमुळतं टोक कापडाच्या पलीकडे निघून गेलेलं असतं. कापडात असते ती सरळ काडी, आणि सरळ काडीला पकड देणारा उतारच नसतो.

म्हणूनच टाचणी एकदा खुपसून सोडून देत नाहीत. ती आत घालून, थोडं कापड उचलून, पुन्हा बाहेर काढतात. काडी सरळ राहते आणि कापडाला तिच्याभोवती लाटेसारखं वळावं लागतं. ते सरळ व्हायला बघतं आणि त्या धडपडीत काडीवर दाब देत राहतं. दाब आला की घर्षण आलं. आत-बाहेर जितक्या वेळा, तितकी पकड घट्ट. कागदाच्या चळतीला टाचणी लावतानाही हात हेच करतो.

घट्ट बसलेली टाचणी काढताना आपण नकळत ती चिमटीत फिरवतो. त्यामागे भौतिकशास्त्राचा एक सुंदर नियम आहे. घर्षण नेहमी सरकण्याच्या दिशेच्या बरोबर उलट काम करतं. टाचणी नुसती ओढली तर सगळं घर्षण ओढीच्या विरुद्ध उभं राहतं. ती फिरवत ओढली तर तिचा पृष्ठभाग मुख्यतः गोल फिरत सरकतो, घर्षणाचा मोठा वाटा त्या फिरण्याला अडवण्यात खर्च होतो आणि ओढीच्या दिशेने अगदी थोडा उरतो. घर्षण कमी झालेलं नसतं, त्याचं तोंड दुसरीकडे वळवलेलं असतं. टाचणी आत घालतानाही ही युक्ती तितकीच चालते.

जाड कापडात टाचणी घालताना ती मधोमध वाकते, याचा अनुभव शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकाला आहे. दोष बहुतेक वेळा टाचणीचा नसतो. लांब आणि बारीक काडीला टोकांकडून दाबलं की ती एका मर्यादेनंतर अचानक बाक घेते. ही मर्यादा कशी काढायची ते लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने 18व्या शतकात दाखवून दिलं. ती लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी निम्मी केली की काडी चौपट जोर सोसते, आणि एक तृतीयांश केली की नऊपट. 0.6 मिलिमीटर जाडीची, 30 मिलिमीटर लांबीची पोलादी टाचणी या हिशेबाने सुमारे 14 न्यूटनला, म्हणजे जेमतेम दीड किलो वजनाइतक्या जोराला बाक घेते. तीच टाचणी टोकापासून 10 मिलिमीटरवर चिमटीत घट्ट धरून ढकलली तर मोकळी लांबी एक तृतीयांश होते आणि हिशेबाची मर्यादा बारा किलोच्या वर जाते. म्हणून सराईत हात टाचणीला माथ्याशी नव्हे, टोकाजवळ धरतात. ड्रॉइंग पिन आखूड का असते याचं उत्तरही हेच. तिला लाकडात शिरायचं असतं, आणि लांब असती तर शिरण्याआधीच ती वाकली असती.

आता माथ्याबद्दल थोडं. आज तारेच्या टोकावर साच्यात एक ठोका पडतो, धातू पसरतो आणि माथा तयार होतो. पूर्वी मात्र माथा ही वेगळी वस्तू होती. बारीक तारेचे एक-दोन वेढे काडीच्या टोकाभोवती घालून ते ठोकून बसवत. अॅडम स्मिथने 1776 मध्ये श्रमविभागणी समजावून सांगताना टाचणीच्याच कारखान्याचं उदाहरण घेतलं. तार ओढणं, सरळ करणं, कापणं, टोक घासणं, माथा बसवणं, कल्हई करणं, कागदात खोचणं अशी सुमारे 18 कामं. ती वाटून घेतल्यावर दहा माणसं मिळून दिवसाला 48,000 हून जास्त टाचण्या करत. एकट्या माथ्यासाठीच दोन-तीन वेगळ्या क्रिया लागत, आणि तरीही तो निसटायचा. 1832 साली अमेरिकेत जॉन आयर्लंड हाऊ या डॉक्टरने टाचण्या बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि हळूहळू हे हातकाम संपलं.

टाचणीच्या दोन उणिवा मात्र कुठल्याच यंत्राने गेल्या नाहीत. टोक उघडं राहतं, आणि पकड फक्त घर्षणाची असते. चालताना, वाकताना कापड हललं की टाचणी थोडी थोडी सरकत जाते. या दोन्ही गोष्टींवरचा उपाय म्हणजे सेफ्टी पिन. इतक्या थोड्या धातूत इतका विचार भरलेली दुसरी वस्तू मला माहीत नाही.

न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांना 10 एप्रिल 1849 रोजी तिचं पेटंट मिळालं, क्रमांक 6281. हंट हे मोठे खटपटी संशोधक होते. दोन धाग्यांनी टाका घालणारं शिलाई यंत्र त्यांनी 1830च्या दशकातच बनवलं होतं, पण त्याचं पेटंट घेतलं नव्हतं. सेफ्टी पिनचे हक्क त्यांनी 400 डॉलरला विकून टाकले असं सांगितलं जातं. कल्पना अगदीच नवी होती असंही नाही. ख्रिस्तपूर्व 13व्या शतकाच्या सुमारास ग्रीसमध्ये वस्त्र अडकवण्यासाठी काशाच्या ‘फिब्युला’ वापरत. त्यातही वेटोळं होतं आणि टोक अडकवायला खोबण होती. रोमन काळात तर त्यांचे कितीतरी प्रकार झाले. हंट यांचं वैशिष्ट्य हे की त्यांनी एकाच तारेत वेटोळं आणि टोक झाकणारी अडकण बसवली. पेटंटमध्ये त्यांनी आपल्या पिनची जमेची बाजू सांगितली ती अशी, की तिच्यात तुटायला सांधा नाही आणि झिजून सैल व्हायला खीळ नाही.

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. उघडझाप करायची तर बिजागरी हवी, असं आपण गृहीत धरतो. सेफ्टी पिनमध्ये बिजागरीचं काम वेटोळं करतं. तार तशीच सरळ घेऊन एका जागी वाकवली, तर ती वाकते आणि वाकलेलीच राहते. कारण सगळा बाक एक-दोन मिलिमीटर लांबीत सामावतो, तिथला धातू हद्दीपलीकडे ताणला जातो आणि परत येण्याची ताकद गमावतो. तीच तार 5 मिलिमीटर व्यासाच्या वेढ्यात गुंडाळली, की तेवढाच बाक साधारण 15 मिलिमीटर लांबीवर वाटला जातो. प्रत्येक कणाच्या वाट्याला थोडा थोडा ताण येतो, आणि तो हद्दीच्या आत राहतो. सोडलं की तार जशीच्या तशी परत. ही तार मुळात साच्यातून ओढून बारीक केलेली असते, आणि त्या ओढण्यानेच ती कडक झालेली असते. नरम तारेचं वेटोळं एवढं काम करणार नाही.

हद्दीच्या आत ताण आणि बल यांचं प्रमाण ठरलेलं असतं. हा नियम पुन्हा रॉबर्ट हूक यांचाच. 1676 साली त्यांनी तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि 1678 मध्ये कोडं उलगडून सांगितलं: जेवढं ताणावं, तेवढं बळ. सेफ्टी पिन मिटलेली असते तेव्हाही वेटोळं थोडं दबलेलंच असतं. टोकाची दांडी बाहेर उघडायला बघत असते आणि टोपीची आतली कड तिला अडवते. म्हणून ती खुळखुळत नाही, आणि आपोआप निसटतही नाही. उघडायची तर दांडी आधी आत दाबावी लागते आणि मग बाजूला सरकवावी लागते. दोन वेगवेगळ्या दिशांच्या दोन हालचाली, ठरलेल्या क्रमाने. कापडाच्या साध्या ओढीने या दोन्ही एकापाठोपाठ घडणं अवघड असतं. पिनेच्या सुरक्षितपणात टोपीचा जेवढा वाटा आहे, तेवढाच या क्रमाचा आहे.

तरफ कुठे आहे ते बघायचं तर एक सेफ्टी पिन हातात घ्या. दांडी टोकाजवळ दाबा, सहज दबेल. आता वेटोळ्यापासून एखाद्या सेंटिमीटरवर दाबा. बोट दुखेल, पण दांडी फारशी हलणार नाही. वेटोळं हा टेकू आणि तिथल्या तारेचा ताठपणा हाच भार. टेकूपासून 35 मिलिमीटरवर लावलेला जोर 10 मिलिमीटरवर लावलेल्या जोराच्या साडेतीनपट काम करतो. त्या बदल्यात बोटाला साडेतीनपट अंतर सरकावं लागतं. गॅलिलिओने सांगितलेली देवाणघेवाण इथे बोटाला प्रत्यक्ष जाणवते. आणि टोक कापडात शिरताना पाचर तर आहेच. पाचर, तरफ, टेकू, स्प्रिंग आणि कुलूप, सगळं मिळून जेमतेम वीतभर तारेत.

सेफ्टी पिन एकदा फार फाकवली की नंतर नीट बसत नाही, हे सर्वांनी पाहिलेलं असतं. वेटोळं हद्दीबाहेर गेलेलं असतं. हाताने दाबून ती पुन्हा टोपीत अडकवता येते, पण दांडीचा बाहेरचा रेटा गेलेला असतो. अशी पिन लहान मुलाच्या कपड्याला लावू नये.

स्टेपलरची पिन वेगळ्या वाटेने हाच प्रश्न सोडवते. ती घर्षणावर विसंबतच नाही. दोन पाय कागदातून पलीकडे जातात आणि तिथे वळून आकडे बनतात, म्हणजे पकड आकाराची असते. पाकिटावर 24/6 असं काही छापलेलं असतं. त्यातला पहिला आकडा तारेच्या जाडीचा गेज आणि दुसरा पायाची मिलिमीटरमधली लांबी. पायांची टोकं छिन्नीसारखी कापलेली असतात, म्हणजे तिथेही पाचर आलीच. एवढी बारीक तार कागदाच्या चळतीत शिरताना बाक का घेत नाही? स्टेपलरच्या तोंडाशी असलेली अरुंद खाच पायांना दोन्हीकडून आधार देते, त्यामुळे मोकळी लांबी फार थोडी उरते. चळत प्रमाणाबाहेर जाड झाली की हा आधारही पुरत नाही आणि पिन चुरगळून बाहेर येते. वरची पात तळव्याने अगदी पुढे दाबली तर तरफेचा फायदा जवळपास शून्य असतो, कारण जोर आणि भार टेकूपासून सारख्याच अंतरावर येतात. तिथे फायदा होतो तो रुंद तळव्याचा. कमी जोरात चालणाऱ्या स्टेपलरांमध्ये मात्र आत आणखी एक तरफ बसवलेली असते. खालच्या पट्टीवरच्या दोन खळग्यांनी पाय आत वळतात. पुष्कळ स्टेपलरांत ही पट्टी उचलून फिरवता येते. तसं केलं की पाय बाहेरच्या बाजूला, फारसे न वळता पसरतात आणि ती पिन टाचणीसारखी सहज ओढून काढता येते. हा दुसरा उपयोग फार कमी लोकांना ठाऊक असतो.

केसांच्या पिना आणि कागदाच्या क्लिपा यांचं काम जास्त करून स्प्रिंगचं आहे. दोन पाय एकमेकांकडे ओढ घेतात आणि मध्ये आलेल्या वस्तूला दाबतात. चापाचा एक पाय नागमोडी असतो तो दाब ठरावीक जागी एकवटून केस निसटू न देण्यासाठी.

यंत्रांमधल्या पिना हा मोठाच विषय आहे, पण त्यांतल्या तीन इथे यायलाच हव्यात. पहिली बिजागरीची खीळ. ती कुठेही घुसत नाही, ती आस आहे. दार ही मोठी तरफ आणि ही खीळ तिचा टेकू. बिजागरीच्या दोन पानांच्या नळ्या एकाआड एक येतात आणि खीळ त्या सगळ्यांतून जाते. नळ्या पाच असतील तर दाराचा भार खिळीला चार ठिकाणी कातरायला बघतो, म्हणजे प्रत्येक ठिकाणी ताण चौथाई होतो. दुसरी, जुन्या धाटणीच्या सायकलीतली कॉटर पिन. पायडलची दांडी आसाला घट्ट बसवणारी ही गोल पिन एका अंगाने तिरपी घासलेली असते. तिचा उतार इतका कमी असतो की ठोकून बसवल्यावर घर्षण तिला मागे येऊच देत नाही. तिच्या टोकावरची चाकी फक्त हादऱ्यांनी ती सैल होऊ नये म्हणून असते. चाकी आवळून कॉटर पिन ओढून घेण्याचा प्रयत्न केला तर आटे जातात. ती ठोकूनच किंवा दाबूनच बसवायची.

तिसरी पिन मुद्दाम तुटण्यासाठी बनवलेली असते. तिला शिअर पिन म्हणतात. लहान मोटारबोटीच्या पंख्यात किंवा ट्रॅक्टरवर चालणाऱ्या कापणीच्या अवजारांत ती फिरणारा दांडा आणि पातं यांना जोडते. पातं दगडावर आदळलं की सगळा झटका या पिनेवर येतो, ती कातरली जाते, आणि आतली दातेरी चाकं वाचतात. कातरण्याची ताकद काडीच्या क्षेत्रफळावर ठरते, म्हणून व्यास अचूक राखावा लागतो. 6 मिलिमीटरच्या जागी 5 मिलिमीटरची पिन घातली तर ताकद तीस टक्क्यांनी घटते आणि ती विनाकारण तुटत राहते. उलट, सारखी तुटते म्हणून वैतागून तिच्या जागी पोलादी बोल्ट ठोकला, तर पुढच्या दगडाला बोल्ट तुटत नाही, गिअरबॉक्स तुटतो.